लपलेला टॅब आणि माझी रजा

इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसून मी डोळे फोडून घेतले, त्या संगणकाने माझ्यापासून एक अख्खा टॅब लपवून ठेवला होता, ही गोष्ट मला शेजाऱ्याकडून कळली. टॅब लपलेला असल्याचं मला एवढं वाटलं नाही. शेजाऱ्याला माहीत होतं आणि मला नव्हतं, याने मात्र मी पुरता हादरलो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे. आमच्याकडे लोकांसाठी खिडक्या आहेत: नवीन जोडणी, मीटर, बिल दुरुस्ती आणि तक्रार. दर महिन्याला कोण कुठल्या दिवशी कुठल्या खिडकीवर बसणार याचा तक्ता मी करतो. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्यातल्या एका बाईंना मीटरच्या खिडकीतलं ऊन सोसत नाही. एका गृहस्थांना पंख्याखाली सर्दी होते. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे म्हणून त्यांना शेजारी बसवायचं नसतं, आणि दुसऱ्या दोघांचं बोलणं फारच चालू असतं म्हणून त्यांनाही शेजारी बसवायचं नसतं. तक्रारीच्या खिडकीवर तर कोणालाच बसायचं नसतं. तो तक्ता हाताने जुळवता जुळवता महिना संपतो आणि पुढच्या महिन्याचा तक्ता डोक्यावर येऊन बसतो. त्यामुळे मला रजा अशी कधी मिळतच नाही.

या वेळी मात्र रजा हवीच होती. आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती दुसऱ्या गावी असते, घरात ती आणि जावई दोघंच. तिने फोनवर मला स्पष्ट सांगितलं, "बाबा, आई तर येणारच आहे. पण तुम्ही या. आई घाबरली की मलाच धीर देत बसते आणि मग मी आणखी घाबरते. तुम्ही घाबरलात की मला हसू येतं."

बापाच्या स्वभावाचा कोणाला तरी उपयोग आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी त्याच दिवशी साहेबांकडे गेलो.

"घ्या की रजा," साहेब म्हणाले. "कोण नाही म्हणतंय? फक्त पुढच्या महिन्याचा तक्ता लावून जा."

म्हणजे नाहीच म्हणाले.

ही हकिगत मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगितली. त्यांना आम्ही आपसात ज्ञानकोश म्हणतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र आमच्या आधी वाचतात आणि मोबदल्यात सल्ला देऊन जातात. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"अहो, तुम्ही अजून हाताने करता? मॅक्रो करा! एकदा तुम्ही काम करून दाखवायचं, संगणक ते लक्षात ठेवतो. मग बटण दाबलं की तेच काम तो क्षणात करतो."

"पण आमच्या संगणकात असलं काही नाही."

"आहे. तक्ता करता त्या पडद्यावर, वरच्या पट्टीत डेव्हलपर नावाचा टॅब आहे. मुद्दाम लपवलेला असतो."

"कोणापासून?"

"सामान्य माणसापासून," ज्ञानकोश म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

ही आतून चहा घेऊन आली तर मी तसाच बसलेला. "काय झालं? कोणी गेलं का?" तिने घाबरून विचारलं. मी कप हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपल्या घरात आणखी एक खोली आहे असं बाहेरच्याने येऊन सांगावं, तसं मला झालं होतं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी ज्ञानकोशांनी सांगितल्याप्रमाणे फाइलमध्ये गेलो, ऑप्शन्समध्ये गेलो, तिथून रिबन, म्हणजे ती वरची पट्टी, बदलण्याच्या पानावर गेलो. तिथे खरोखरच डेव्हलपर असं लिहिलेलं होतं आणि शेजारी टिक करायचा चौकोन होता. पण तो चौकोन करड्या रंगाचा होता आणि कितीही टिचक्या मारल्या तरी ढिम्म हलत नव्हता.

मी संगणक कक्षात गेलो. तिथल्या प्रमुखाला सगळे पासवर्डबुवा म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणून तो पासवर्ड बदलायला सांगतो.

"तो टॅब आहे," पासवर्डबुवा म्हणाला. "पण नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण तुमच्यासाठी नाही. मॅक्रोतून व्हायरस येतात. म्हणून सगळ्यांचा बंद ठेवलाय."

"माझ्याकडून कसला व्हायरस येणार हो?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्या पाहण्यातच माझा अपमान पूर्ण झाला. "साहेबांची लेखी परवानगी आणा," तो म्हणाला आणि त्याने एक छापील अर्ज काढून दिला.

अर्ज मुळात टेबल-खुर्च्या मागवण्यासाठी छापलेला होता. वस्तू लाकडी की लोखंडी, लांबी-रुंदी किती, जुनी वस्तू परत केली काय, असे त्यात रकाने होते. मी म्हटलं, हे टॅबला कसं लागू होणार? पासवर्डबुवा म्हणाला, रिकामा रकाना असलेला अर्ज आपल्याकडे चालत नाही. तेव्हा मी लाकडी की लोखंडी यापुढे "दिसत नाही" असं लिहिलं आणि लांबी-रुंदीपुढे "पडद्याएवढी". जुनी वस्तू मीच आहे असं लिहायचं मनात आलं होतं, पण सरकारी कागदावर थट्टा नको म्हणून आवरलं.

साहेबांनी अर्ज उलटासुलटा करून वाचला. "लपवलेलं आहे म्हणता?"

"हो."

"मग कोणीतरी विचार करूनच लपवलं असेल ना? उद्या त्यातून काही बाहेर आलं तर?"

"काय येणार साहेब?"

"ते मला काय माहीत? लपवलेलं आहे ना!"

शेवटी मी लेकीचं नाव काढलं. साहेब थोडे विरघळले आणि त्यांनी अर्जावर लाल शाईने "अर्जदाराच्या स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहून सही केली. माझ्या नोकरीतला हा पहिला लाल शेरा. घरी मी तो हिला सांगितलासुद्धा नाही.

टॅब उघडला त्या दिवशी माझ्या टेबलाभोवती गर्दी जमली. पासवर्डबुवाने चौकोनात टिक केली आणि वरच्या ओळीत सगळ्यांच्या शेवटी एक नवा शब्द उगवला. बस्स. "एवढंच?" उन्हाच्या बाई म्हणाल्या आणि आपल्या खिडकीवर निघून गेल्या. मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा मनात तेच म्हणालो होतो.

त्या टॅबवर रेकॉर्ड नावाचं एक बटण असतं. ते दाबायचं, आपलं काम करायचं आणि थांबवायचं. मी ते दाबलं आणि दिवसभर मान वर न करता नमुना म्हणून मागच्या महिन्याचाच तक्ता पुन्हा जुळवला. मधल्या वेळेत ऑफिसभर झालं की मी काहीतरी रेकॉर्ड करतो आहे. त्यामुळे जो तो माझ्या टेबलाजवळ येऊन मोठ्याने म्हणू लागला की आपण कसे नेहमी वेळेवर येतो. संध्याकाळी फाइल बंद करताना संगणकाने इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. मी हो म्हटलं. संगणकाला मी नेहमी हो म्हणतो, वाद वाढवत नाही.

सकाळी बघतो तर मॅक्रो गायब! तक्ता होता, टॅब होता, पण ज्यासाठी दिवसभर पाठ मोडली तेच नव्हतं. मी खुर्चीत मटकन बसलो. शिपायाने पाणी आणून दिलं.

"अहो, मॅक्रोवाली फाइल वेगळ्या प्रकारची करून ठेवावी लागते," ज्ञानकोश फोनवर म्हणाले. "साध्या फाइलमध्ये ठेवली की मॅक्रो उडतात. विचारतो की तो!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी विचारलं नाहीत."

घरी हिने सामान भरायला काढलं होतं. तिची पिशवी भरून तयार होती, माझी अर्धी. "तुमचे कपडे भरू की नको, एवढंच सांगा," ती म्हणाली. "पोरगी रोज विचारतेय, बाबांचं काय झालं. मी तिला काय सांगू? टॅब उघडत होते म्हणून?"

"भर," मी म्हणालो. "उद्या होणारच."

दुसऱ्या दिवशी मी ज्ञानकोशांना फोनवर धरूनच कामाला बसलो. त्यांनी सांगितलं, रेकॉर्ड करण्याआधी 'सापेक्ष'वालं बटण दाबून ठेवा, म्हणजे कर्सर जिथे उभा असेल तिथून मॅक्रो काम करतो. मी ते दाबलं. मग ते त्यांच्या खात्यात पहिला संगणक कसा आला ते सांगायला लागले. ते ऐकता ऐकता मी सगळ्या खिडक्या जुळवल्या, शेवटी माझ्या ओळीत आलो, लेकीकडे जायच्या आठवड्यात चौकोनाचौकोनात 'रजा' लिहिलं, पुढच्या ओळीवर गेलो, तक्ता छापायला सोडला आणि थांबवलं. फाइलही योग्य प्रकारची करून ठेवली. मग त्या मॅक्रोसाठी एक छान हिरवं बटण काढलं आणि त्यावर नाव लिहिलं: तक्ता.

फक्त एक झालं होतं. रेकॉर्डचं बटण दाबायचं मला फार उशिरा आठवलं होतं. खिडक्या जुळवून झाल्यावर, माझ्या ओळीत पोचल्यावर. म्हणजे संगणकाने माझ्याकडून शिकून घेतलं ते एवढंच: आठवडाभर रजा लिही, एक ओळ खाली जा, छाप. हे मला तेव्हा कळलं नाही. ते कसं कळलं तेच पुढे सांगतो.

चाचणी घ्यावी म्हणून मी कर्सर पहिल्या ओळीवर नेला आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं.

"चालत नाही हो," मी फोनवर म्हणालो.

"मग परत दाबा. दाबत राहा. त्याला कळू दे मालक कोण आहे!"

मी दाबलं. परत दाबलं. मग मला राग आला. पासवर्डबुवाचं ते बघणं आठवलं, लाल शेरा आठवला, उन्हाच्या बाईंचं "एवढंच" आठवलं, आणि त्या प्रत्येकाच्या नावाने मी बटण दाबत सुटलो. तेवढ्यात शिपाई धावत आला.

"साहेबांनी बोलावलंय. प्रिंटरमधला कागद संपला म्हणाले."

कागदाची उधळपट्टी होऊ नये म्हणून आमचा प्रिंटर साहेबांच्या खोलीत असतो. माझं बोट बटणावरच थांबलं. पडद्यावरचं चक्र थांबलं आणि तक्ता दिसला. पहिल्या ओळीत साहेबांचं नाव असतं. साहेब रजेवर. दुसऱ्या ओळीत हेडक्लार्क. रजेवर. उन्हाच्या बाई रजेवर, सर्दीचे गृहस्थ रजेवर, न बोलणारे दोघं रजेवर, फार बोलणारे दोघंही रजेवर. प्रत्येक वेळी दाबल्यावर एकेक माणूस रजेवर जात खाली खाली आला होता. तक्ता करणाऱ्याने आपलं नाव शेवटच्या ओळीत लिहायचं, अशी आमच्याकडची पद्धत. माझी ओळ शेवटची. मी चाचणीसाठी तक्त्याची रजा लिहिण्याआधीची प्रत घेतली होती, त्यामुळे माझ्या ओळीत खिडक्यांचे आकडे होते, रजा नव्हती. आणखी एकदा दाबलं असतं, तर मीही सुटलो असतो.

मी मागे फिरवायचा बाण शोधला. तो करडा पडला होता. मॅक्रोने केलेलं मागे फिरत नाही, हेही संगणकाने मला आधी सांगितलं नव्हतं.

मी साहेबांच्या खोलीत शिरलो. टेबलावर तक्त्यांचा गठ्ठा होता, प्रत्येक कागदावर आधीच्यापेक्षा एक माणूस जास्त रजेवर गेलेला. साहेब खिडकीबाहेर बघत उभे होते.

"हे तुम्ही केलंत?"

"साहेब, चूक झाली, मी आत्ता—"

"मी इथे आल्यापासून," साहेब सावकाश म्हणाले, "प्रत्येकाच्या रजेचा अर्ज माझ्याकडे आला. माझ्या रजेचा विचार आजवर कोणी केला नाही हो." ते वळले. त्यांचे डोळे ओले होते. साहेबांना डोळे आहेत हे माहीत होतं, पण ते ओले होतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पण साहेब, सगळ्यांनाच एकदम रजा—"

"हो ना! म्हणजे कोणी कोणावर जळायचं नाही. फार विचार केलात तुम्ही. मी सही करून टाकली. शेवटचा कागद शिपायाने बोर्डावर लावलासुद्धा."

बाहेरून टाळ्यांचा आवाज आला. मी बाहेर गेलो तर उन्हाच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. न बोलणारे दोघं एकमेकांशी बोलत होते. मी तोंड उघडून "हा तक्ता चुकीचा आहे" असं म्हणणार, तर हेडक्लार्कने मला आमच्याकडचा नियम सांगितला: साहेबांची सही होऊन बोर्डावर लागलेला तक्ता उतरत नाही. पूर्वी एकदा उतरवला होता, तर युनियनने दारात बैठक मारली होती.

"अहो पण खिडक्यांवर बसणार कोण?" मी परत आत जाऊन विचारलं.

"जो हजर तो," साहेब टेबल आवरत म्हणाले.

"हजर कोण?"

साहेबांनी बोट तक्त्यावरून खाली खाली नेलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

घरी मी हिला सगळं सांगितलं. "सगळं ऑफिस रजेवर," ती म्हणाली, "आणि तुम्ही नाही?"

"एकदा दाबायचं राहिलं गं."

मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या पिशवीतले कपडे काढले आणि एकेक घडी करून कपाटात परत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बसने गेली. बस हलल्यावर तिने हात केला. मीही केला. मग माझ्याच्याने तिथे उभं राहवेना.

सोमवारी मी चारही खिडक्या उघडल्या. जोडणीवर एकाचं ऐकायचं, उठून मीटरवर जायचं, तिथून बिलावर, आणि परत येईपर्यंत जोडणीवरचा माणूस तक्रारीच्या रांगेत जाऊन उभा. एका आजोबांनी मला बिलावर शिव्या दिल्या आणि तक्रारीवर येऊन बिलावरच्या माणसाची तक्रार केली. मी ती लिहून घेतली. ज्ञानकोश मुद्दाम मला बघायला आले, रांगेत उभे राहिले, आणि त्यांचा नंबर आल्यावर म्हणाले, "टोकन पद्धत सुरू करा." तेव्हा मी त्यांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच.

असं रोज चाललं. आणि एका दुपारी जावयाचा फोन आला.

"बाबा, तिला दवाखान्यात आणलंय. तशी बरी आहे. पण सारखी विचारतेय, बाबा निघाले का म्हणून."

मी तसाच मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि म्हटलं, इथे एक माणूस पाठवा, मला निघालंच पाहिजे.

"माणूस नाही," पलीकडून उत्तर आलं. "तुमच्या प्रभारी अधिकाऱ्यांना विचारा."

"प्रभारी कोण?"

"हजर असलेल्यात जो ज्येष्ठ, तो. तुमच्याकडे हजर कोण आहे?"

"मी."

"मग मला काय विचारताय? रजा देण्याचा अधिकार तुमचाच आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मीही रिसीव्हर ठेवला. मग कागद घेतला आणि अर्ज लिहिला. मुलीच्या बाळंतपणासाठी रजा मिळावी ही विनंती. तो घेऊन मी साहेबांच्या खोलीशी गेलो, किल्लीने दार उघडलं, अर्ज टेबलावर ठेवला आणि पलीकडे जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसलो. अर्जदाराला थोडं थांबवून ठेवायची पद्धत आहे, म्हणून थोडं थांबवलं. मग अर्ज उचलला. तक्ता लावला आहे काय? लावला आहे. कारण योग्य आहे काय? आहे. बदली माणूस आहे काय? नाही.

माझं पेन तिथे अडलं. बदली माणूस नसताना रजा कशी द्यायची? मी खुर्चीत मागे रेललो आणि मला एकदम धक्का बसला. मी मला रजा नाकारायच्या बेतात होतो!

तेवढ्यात तक्रारीच्या रांगेतल्या एक बाई दारापाशी आल्या. महिनाभर त्यांच्या नळाला पाणी नव्हतं आणि त्या रोज येत होत्या. "अहो, किती वेळ? काय करताय आत?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"पोरगी तिकडे दवाखान्यात, आणि तुम्ही इथे सहीला विचार करत बसलात? कसले हो साहेब तुम्ही? माणूस आहात की खुर्ची?"

"पण तुमचं पाणी—"

"महिनाभर नाही आलं, आणखी आठवडा नाही आलं तर मी मरत नाही. करा सही!"

मी सही केली. बाईंनी स्वतः खिडक्या ओढून बंद केल्या आणि रांगेला बाहेर जाऊन सांगितलं, साहेबांची मुलगी बाळंत होतेय, उद्यापासून मुख्य कार्यालयात जा. बाहेर कोणी कुरकुर केली नाही. बिलाच्या आजोबांनी तर मला रिक्षा थांबवून दिली.

बसस्टँडवर धावता धावता मी हिला फोन लावला. "मी निघालोय."

"निघालात? रजा कोणी दिली? साहेब तर रजेवर आहेत ना?"

"दुसऱ्या साहेबांनी दिली."

"कुठल्या? कसे आहेत?"

"फार भित्रे आहेत," मी धापा टाकत म्हणालो. "एका सहीला कितीतरी वेळ लावला."

"मग त्यांना म्हणावं, आता तरी धावा," ही म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तिला आत नेलंय."

मी धावलो.